हवामानबदल आणि राष्ट्रीय सुरक्षा : भारताच्या बाबतीत हा संबंध नेमका कुठे जुळतो?

शिरीषफूल (प्रश्न)

आमच्या महाविद्यालयाच्या वादविवाद मंडळाने यंदा ‘हवामानबदल हा राष्ट्रीय सुरक्षेचाच प्रश्न आहे’ असा विषय ठेवला असून दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांची तयारी करून घेण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी इतिहास शिकवते. या विषयावर वाचायला मिळाले ते बहुतेक लेखन अमेरिकी लष्कराच्या दृष्टिकोनातून झालेले आहे आणि मराठीत जे आहे ते ‘पुढचे महायुद्ध पाण्यावरून होणार’ या वाक्याच्या पुढे फारसे सरकत नाही. केवळ पाण्यासाठी एका राष्ट्राने दुसऱ्यावर चाल केल्याची उदाहरणे शोधायला गेले, तर हाती काहीच भरीव लागत नाही.

इतिहासाच्या बाजूने मला एक उदाहरण विचारात घेण्याजोगे वाटते. १२ नोव्हेंबर १९७० रोजी पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर भोला चक्रीवादळ आदळले आणि त्यात किमान तीन लाख माणसे दगावली असे मानले जाते. मदतकार्यात पश्चिम पाकिस्तानातील लष्करी राजवटीने जी दिरंगाई केली, तिच्याविषयीचा संताप ताजा असतानाच ७ डिसेंबरला निवडणूक झाली आणि पूर्व पाकिस्तानातील १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जागा अवामी लीगने जिंकल्या. पुढची दडपशाही, भारतात आलेले सुमारे एक कोटी निर्वासित आणि १९७१ चे युद्ध हा क्रम सर्वांना ठाऊक आहे. भोला वादळ हवामानबदलाने आले असे मी म्हणत नाही, आणि बांगलादेशाची निर्मिती वादळामुळे झाली असे म्हणणे भाषेच्या चळवळीवर आणि दोन दशकांच्या आर्थिक अन्यायावर बोळा फिरवण्यासारखे होईल. पण निसर्गाचा आघात, राज्यकर्त्यांची बेपर्वाई आणि सीमेपलीकडे पोचलेला परिणाम अशी साखळी तिथे दिसते.

माझे प्रश्न दोन आहेत. आजच्या भारताच्या बाबतीत अशी साखळी कुठे कुठे दाखवता येईल? आणि हा संबंध खरा असेल, तर डिसेंबर २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत हवामान आणि सुरक्षा यांची सांगड घालणाऱ्या ठरावाच्या विरोधात भारताने मत का दिले?

डोंगरवाट

सीमाभागातील रस्त्यांच्या कामात माझी नोकरी गेली, त्यामुळे मी रस्त्यांविषयीच बोलेन. सुरक्षेचा विचार करताना आपण रणगाडे आणि विमाने मोजतो, परंतु उत्तरेच्या सीमेवर उभ्या असलेल्या जवानाचे रॉकेल, पीठ, औषधे आणि दारूगोळा एकाच घाटरस्त्याने वर जातो आणि बहुतेक खोऱ्यांत त्या रस्त्याला पर्यायी रस्ता नसतो. हवामानबदल भारताच्या संरक्षणाला सर्वांत आधी भिडतो तो या ठिकाणी.

विद्यार्थ्यांना एकच प्रकरण नीट अभ्यासायला द्यायचे असेल, तर सिक्कीमचे द्यावे. ३ आणि ४ ऑक्टोबर २०२३ च्या दरम्यानच्या रात्री, सुमारे ५,२०० मीटर उंचीवरील दक्षिण ल्होनाक या हिमसरोवरात बाजूच्या हिमोढाचा प्रचंड भाग कोसळला. हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचा हा उतार आतल्या गोठलेल्या पाण्याने बांधून ठेवलेला असतो, आणि ते बर्फ सैल झाले की उतारही सैल होतो. पुढे झालेल्या अभ्यासानुसार सुमारे दीड कोटी घनमीटर माल पाण्यात पडला, वीस मीटरच्या आसपास उंचीची लाट उठली आणि सरोवराचा बांध फोडून जवळपास पाच कोटी घनमीटर पाणी तीस्ता खोऱ्यात उतरले. चुंगथांग येथील १,२०० मेगावॉटच्या तीस्ता-३ प्रकल्पाचे ६० मीटर उंचीचे धरण त्याने धुऊन नेले. धरणातले पाणी मूळ पुरात मिसळल्यामुळे खालच्या गावांवर आलेला लोंढा आणखी मोठा झाला.

आता सुरक्षेचा भाग. सिंगतामजवळ बारदांग येथे लष्कराची वाहने उभी होती. तेथील २३ जवान वाहून गेले आणि त्यांपैकी एकाचीच सुटका होऊ शकली. ४१ वाहने चिखलाखाली गेली. शस्त्रे व दारूगोळा वाहत थेट पश्चिम बंगालच्या जलपाईगुडी जिल्ह्यापर्यंत पोचला, आणि नदीकाठी सापडलेल्या एका उखळी तोफगोळ्याचा स्फोट होऊन तिथे नागरिकांचे प्राण गेले. पूल एकामागोमाग एक गेल्यामुळे लाचेन आणि लाचुंग ही तिबेटच्या सीमेकडे जाणारी खोरी तुटली. शत्रूने एकही गोळी न झाडता एका रात्रीत उत्तर सिक्कीमची पुरवठ्याची वाट बंद झाली. या सरोवराचा धोका ठाऊक नव्हता असेही नाही. २०१६ मध्ये तिथे नळ टाकून पाणी वक्रनलिकेच्या तत्त्वाने बाहेर काढण्याचा प्रयत्न झाला होता, आणि आपत्तीच्या काही आठवडे आधी पूर्वसूचनेच्या यंत्रणेचा पहिला टप्पा म्हणून कॅमेरा व हवामानमापक उपकरणे बसवण्यात आली होती. यंत्रणा पूर्ण होण्याआधीच पूर आला.

चमोलीचे उदाहरण याच जातीचे आहे, मात्र तिथे जरा जपून बोलावे लागते. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी रोंती शिखराच्या उतारावरून खडक आणि बर्फ यांचा अजस्र कडा सुटला व ऋषिगंगा-धौलीगंगेला आलेल्या लोंढ्यात दोनशेहून अधिक माणसे गेली. रैणी गावाजवळचा पूल वाहून गेल्यामुळे जोशीमठहून नीती खोऱ्याकडे, म्हणजेच चीनच्या सीमेकडे जाणारा रस्ता खंडित झाला आणि सीमा रस्ते संघटनेने सुमारे महिनाभरात तिथे बेली पूल उभा केला. ही घटना तापमानवाढीमुळेच घडली असे शास्त्रज्ञ छातीठोकपणे सांगत नाहीत. एका कड्याच्या पडण्याला अनेक कारणे असतात. त्यांचे म्हणणे एवढेच आहे की उंचावरची कायम गोठलेली जमीन उबदार होऊ लागली की अशा घटनांची शक्यता वाढते, आणि रस्ता बांधणाऱ्याला आराखडा करण्यासाठी तेवढे पुरेसे असते.

एक मुद्दा सहसा कोणी मांडत नाही, म्हणून सांगतो. लेहचा विमानतळ दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. तिथली हवा मुळातच विरळ, आणि तापमान वाढले की ती आणखी विरळ होऊन विमानाला मिळणारी उचल कमी होते. २०२४ च्या जुलैत लेहचा पारा चढल्यामुळे प्रवासी विमानांची काही उड्डाणे रद्द करावी लागली होती. मालवाहू विमान असो वा हेलिकॉप्टर, भौतिकशास्त्र तेच. त्या दिवशी कमी वजन घेऊन उडायचे किंवा पहाटेच्या गारव्यात उडायचे. सियाचीनवर १९८४ पासून हवामानानेच सर्वाधिक बळी घेतले आहेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये सोनम चौकीवरच्या हिमस्खलनात आपले दहा जवान गेले आणि त्याआधी एप्रिल २०१२ मध्ये गयारी येथे पाकिस्तानची १४० माणसे गाडली गेली. जिथे बर्फच दोन्ही सैन्यांचा समाईक वैरी आहे, तिथे बर्फाचे वागणे बदलणे ही किरकोळ बाब नव्हे.

तिऱ्हाईत

डोंगरवाट यांच्या माहितीबद्दल आदर आहे, परंतु त्यांनी जे सांगितले ते अभियांत्रिकीचे आणि आपत्ती व्यवस्थापनाचे प्रश्न आहेत. पूल वाहून गेला म्हणजे राष्ट्राची सुरक्षा धोक्यात आली असे म्हणायचे, तर १९५० च्या आसामातील भूकंपालाही त्याच यादीत घालावे लागेल. सगळ्याच संकटांना सुरक्षेचे बिरुद लावले, तर त्या बिरुदाला अर्थ उरत नाही.

या चर्चेत सर्वाधिक वापरले जाणारे उदाहरण सीरियाचे आहे आणि विरोधी बाजूच्या विद्यार्थ्यांनी ते अवश्य तपासावे. २००६ ते २०१० या काळात तिथे तीव्र दुष्काळ पडला, ईशान्येकडील शेतकरी शहरांकडे गेले आणि २०११ मध्ये उठाव झाला, अशी मांडणी आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने त्या दुष्काळामागे मानवनिर्मित तापमानवाढ असल्याचे सांगितले आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी ‘हवामानबदलाने पेटवलेले युद्ध’ असे मथळे दिले. दोनच वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी स्थलांतराचे आकडे आणि उठावाशी त्यांचा संबंध हे दोन्ही कच्च्या पायावर उभे असल्याचे दाखवले. मधल्या काळात सीरियाच्या सरकारने २००८ मध्ये डिझेलवरचे अनुदान तोडून त्याचा दर तिपटीहून अधिक वाढवला होता आणि पुढे खतांवरचे अनुदानही काढून घेतले होते. विहिरीवर पंप चालवणाऱ्या शेतकऱ्याला त्याने काय झाले असेल हे आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच दुष्काळाचा फटका शेजारच्या देशांनाही बसला होता, तिथे तसे युद्ध झाले नाही. दोष आभाळावर ढकलता आला की राज्यकर्त्याची सुटका होते, हा या मांडणीचा खरा धोका आहे.

पूर्वरंग

धागालेखिकेच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. तिऱ्हाईत यांच्या शेवटच्या वाक्याचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे.

सुरक्षा परिषदेत या विषयावर पहिली चर्चा १७ एप्रिल २००७ रोजी ब्रिटनच्या अध्यक्षतेखाली झाली. तेव्हाच विकसनशील देशांच्या गटाने, आणि त्या वेळी त्या गटाचे नेतृत्व पाकिस्तानकडे होते, परिषद आपल्या कक्षेबाहेर जात असल्याचा आक्षेप घेतला होता. १३ डिसेंबर २०२१ चा ठराव आयर्लंड आणि नायजर यांनी मांडला. हवामानाशी निगडित सुरक्षेचे धोके परिषदेने संघर्ष टाळण्याच्या आपल्या कामात समाविष्ट करावेत असा त्याचा आशय होता. बारा सदस्य बाजूने होते, चीन तटस्थ राहिला, भारत आणि रशिया यांनी विरोधात मत दिले आणि रशियाचे मत नकाराधिकाराचे असल्यामुळे ठराव बारगळला.

भारताने मांडलेली भूमिका अशी होती की हवामानाविषयीच्या वाटाघाटींसाठी १९९२ च्या करारातून उभी राहिलेली स्वतंत्र व्यवस्था आहे, तिथे सर्व राष्ट्रांना समान आवाज आहे आणि कोणी किती कार्बन सोडला, म्हणून कोणी किती भार उचलावा, या ऐतिहासिक जबाबदारीच्या तत्त्वावर ती उभी आहे. सुरक्षा परिषदेत हा प्रश्न नेला की पाच स्थायी सदस्यांच्या हाती तो जातो, आणि यांतले अनेक देश सर्वाधिक उत्सर्जन करणाऱ्यांपैकी आहेत. शिवाय सुरक्षा परिषदेजवळ निर्बंध लादण्याचे आणि सैन्य पाठवण्याचे अधिकार आहेत. आफ्रिकेतील साहेल प्रदेशाच्या अडचणी भारताने नाकारल्या नाहीत. त्या सोडवण्याची जागा वेगळी असावी, असे त्याचे म्हणणे होते.

या भूमिकेमागची अस्वस्थता समजून घ्यायची तर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधील एक घडामोड लक्षात घ्यावी. अमेरिकेच्या गुप्तचर संस्थांनी हवामानबदलाविषयी प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात विशेष चिंताजनक अशा अकरा देशांची यादी होती आणि तिच्यात अफगाणिस्तान, पाकिस्तान यांच्याबरोबर भारताचेही नाव होते. ज्यांनी दीड-दोन शतके कोळसा जाळला त्यांच्या अहवालात आपण ‘धोक्याचे ठिकाण’ म्हणून नोंदले जातो, हे दिल्लीला रुचणे शक्यच नव्हते. माझ्या मते भारताचे मत तत्त्वतः बरोबर होते. पण त्याचा एक अनिष्ट परिणाम झाला: परदेशात हा विषय सुरक्षेचा नाही असे सांगण्याच्या भरात देशांतर्गत पातळीवरही लष्कर, हवामान खाते आणि परराष्ट्र खाते यांनी त्याचा एकत्र विचार करावा, ही गरज जाहीरपणे फारशी मांडली गेली नाही.

कादवाकाठ

मी निफाड तालुक्यातला कांदा उत्पादक आहे आणि या गंभीर चर्चेत कांदा आणल्याबद्दल कोणी हसणार असेल तर हसावे, परंतु शेजारी राष्ट्राशी असलेले संबंध सुरक्षेत मोडत असतील तर कांदाही मोडतो.

आमच्याकडे उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये काढून चाळीत भरला जातो आणि पावसाळ्यातले चार महिने देश त्या साठ्यावर जगतो. ऑक्टोबरपासून खरिपाचा लाल कांदा यायला लागतो. चाळीतला संपत आलेला आणि लाल अजून न आलेला, असा हा सांधा पूर्वीही नाजूक होता. आता परतीचा पाऊस लांबला की रोपे सडतात, लाल कांदा उशिरा येतो आणि दमट हवेने चाळीतला मालही खराब होतो. २०१९ मध्ये नेमके हेच झाले. भाव चढले आणि २९ सप्टेंबरला केंद्राने निर्यातबंदी घातली. बांगलादेश तेव्हा आपल्या कांद्याचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक होता. त्याच आठवड्यात पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या आणि उद्योजकांच्या सभेत त्यांनी हिंदीत सांगितले, की तुम्ही कांदा अचानक बंद केलात, मी माझ्या स्वयंपाक्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितले आहे. पुढच्या वेळी निदान आधी कळवत चला. सभेत हशा पिकला, पण तो टोला होता. पुढल्याच वर्षी, १४ सप्टेंबर २०२० रोजी, पुन्हा अचानक बंदी आली, सीमेवर ट्रक अडकले आणि बांगलादेशाने अधिकृतपणे तीव्र नाराजी कळवली. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर आमच्या तालुक्यात गारपीट झाली आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात परत निर्यातबंदी.

गव्हाचे आणि तांदळाचेही तेच. मार्च २०२२ हा देशात १२२ वर्षांतला सर्वांत उष्ण मार्च ठरला, दाणा भरण्याच्या वेळी गहू करपला आणि १३ मे रोजी निर्यात बंद झाली. तेही युक्रेन युद्धामुळे जग गव्हासाठी वणवण करत असताना. जुलै २०२३ मध्ये बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली गेली. सरकारला शहरातला भाव सांभाळायचा असतो हे मला कळते, मात्र हंगाम बिघडला की शेजाऱ्याचे ताट ओढून घ्यायचे अशी आपली ख्याती झाली, तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. बांगलादेशाने चीन, तुर्कस्तान, इजिप्त, म्यानमार इथून कांदा मागवला आणि स्वतःची लागवड वाढवायला घेतली. आमचा बाजार तर गेलाच. परराष्ट्र खात्याने वर्षानुवर्षे कमावलेली पतही त्याबरोबर थोडी थोडी जाते. तिऱ्हाईत यांच्याशी मी सहमत आहे की दोष आभाळाला देऊन चालत नाही. गारपीट निसर्गाची, रातोरात काढलेला आदेश माणसाचा.

कलमबहाद्दर

वादविवादातील विरोधी बाजूला मी आणखी एक मुद्दा देतो, आणि वकिलीच्या व्यवसायामुळे मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘राष्ट्रीय सुरक्षा’ हे शब्द आपल्या कायद्यात एकदा आले की ते काय करतात?

चारधाम महामार्गाचे प्रकरण पाहा. हिमालयातल्या सुमारे ९०० किलोमीटर रस्त्यांचे रुंदीकरण करायचे होते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीत मतभेद झाले, आणि सप्टेंबर २०२० मध्ये न्यायालयाने डोंगराळ भागासाठी रस्त्याची रुंदी साडेपाच मीटरच ठेवावी असे सांगितले. संरक्षण मंत्रालयाने त्यात बदल मागितला. चीनच्या सीमेपर्यंत क्षेपणास्त्रवाहक आणि अवजड सामग्री नेण्यासाठी रुंद रस्ता हवा, असा युक्तिवाद झाला. १४ डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे न्यूयॉर्कमधील त्या मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी, न्यायालयाने सामरिक महत्त्वाच्या तीन मार्गांवर दुपदरी रुंदीला परवानगी दिली. सैन्याच्या गरजा काय आहेत हे न्यायालयाने ठरवू नये, अशी त्यामागची भूमिका होती. हवामानामुळे डोंगराचे उतार कमकुवत होत आहेत हे सुरक्षेचे कारण मानले गेले असते, तर याच प्रकरणात उलट युक्तिवादही करता आला असता, की उभा डोंगर अधिक कापल्याने दरडी वाढतील आणि ज्या दिवशी सैन्याला रस्ता लागेल त्या दिवशी तो बंद असेल. तसा युक्तिवाद पर्यावरणवाद्यांनी केलाही, पण त्याला ‘पर्यावरण’ या रकान्यात टाकण्यात आले आणि तराजूच्या दुसऱ्या पारड्यात ‘सुरक्षा’ होती.

त्यानंतर कायदाच बदलला. २०२३ च्या वनसंरक्षण दुरुस्तीनुसार आंतरराष्ट्रीय सीमा, नियंत्रण रेषा किंवा प्रत्यक्ष ताबारेषा यांपासून १०० किलोमीटरच्या आत राष्ट्रीय सुरक्षेशी संबंधित रस्ते व इतर रेषीय प्रकल्पांसाठी लागणारी वनजमीन त्या कायद्याच्या कक्षेतून वगळता येते. नकाशावर शंभर किलोमीटरची पट्टी ओढून पाहावी: सिक्कीम, त्रिपुरा, मेघालय जवळजवळ संपूर्ण तिच्यात बसतात आणि उत्तराखंडचा मोठा भागही. महाराष्ट्राला वाटेल की आपला संबंध नाही, तर त्याच दुरुस्तीत नक्षलग्रस्त भागांसाठी पाच हेक्टरपर्यंतची सवलत आहे, आणि गडचिरोलीचे जंगल आपल्याला ओळखीचे असायला हवे.

म्हणून ‘हवामानबदल हा सुरक्षेचाच प्रश्न आहे’ यातल्या ‘च’ला माझा विरोध आहे. सुरक्षेच्या नावाखाली प्रश्न गेला की त्याची कागदपत्रे बंद लिफाफ्यात जातात, जनसुनावणी होत नाही आणि माहितीच्या अधिकाराला नकार मिळतो. हिमसरोवर कुठवर भरले आहे ही माहिती खालच्या गावातल्या सरपंचाला हवी असते. ती गोपनीय ठरली तर सर्वांत मोठी हानी त्याचीच.

डोंगरवाट

कलमबहाद्दर यांचे म्हणणे अर्धे मान्य. रुंद रस्त्याची सैन्याला गरज नाही असे मात्र समजू नये. २०२० च्या गलवाननंतर ज्या वेगाने माणसे आणि सामग्री लडाखला न्यावी लागली ती अरुंद रस्त्याने गेली नसती. प्रश्न कापणीच्या पद्धतीचा आहे. उतार किती अंशांत कापला, मलबा नदीत लोटला की ठरलेल्या जागी टाकला, पाण्याला वाट ठेवली की नाही, यांवर रस्ता टिकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये धरालीला आलेल्या लोंढ्याच्या वेळी हर्सिलचा लष्करी तळही तडाख्यात सापडला, स्वतःचे जवान बेपत्ता असताना तिथल्या तुकड्या गावकऱ्यांच्या मदतीला गेल्या, आणि त्यांच्याकडे पोचण्याचा गंगोत्रीचा रस्ता ठिकठिकाणी तुटलेला होता. याला केवळ आपत्ती व्यवस्थापन म्हणायचे की सुरक्षा, हे तिऱ्हाईत यांनी ठरवावे. तळ सीमेसाठी होता एवढे मी नोंदवतो.

मनुष्यबळाचाही विचार करावा. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात भूदल, नौदल, वायुदल तिन्ही उतरले होते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला तेव्हा नौदलाच्या ‘कोची’ आणि ‘कोलकाता’ या युद्धनौका खवळलेल्या समुद्रात बचावकार्यात गुंतल्या आणि १८६ माणसे वाचवण्यात आली. त्याविषयी अभिमानच आहे. पण दर पावसाळ्यात सैन्याला बोलावण्याची सवय राज्यांना लागली की प्रशिक्षणाचे दिवस कमी होतात.

शिरीषफूल

सर्वांचे आभार. ‘च’ विषयीचा मुद्दा तर विद्यार्थ्यांना थेट विषयातच सापडेल. एक शंका उरते. सिंधू पाणीवाटप कराराचा उल्लेख कोणीच केला नाही. २०२५ मध्ये भारताने तो स्थगित ठेवला, तेव्हा त्यात हवामानाचा काही भाग होता का, की तो निव्वळ दहशतवादाला दिलेला प्रतिसाद होता?

पूर्वरंग

२३ एप्रिल २०२५ चा निर्णय आदल्या दिवशीच्या पहलगाम हल्ल्यानंतरचा होता आणि त्याचे जाहीर कारण सीमेपलीकडचा दहशतवाद हेच होते. पण कराराचा फेरविचार व्हावा अशी मागणी भारताने जानेवारी २०२३ आणि ऑगस्ट २०२४ मधील नोटिशींतून आधीच केली होती, आणि बदललेली लोकसंख्या व स्वच्छ ऊर्जेची गरज यांचा त्यात आधार घेतला होता. त्यामुळे दोन्ही धागे एकत्र गुंतलेले आहेत. विद्यार्थ्यांनी ते वेगळे करून दाखवावेत.

१९ सप्टेंबर १९६० रोजी कराची येथे झालेल्या या करारात नद्या वाटल्या गेल्या. रावी, बियास, सतलज भारताला. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानला. १९६५, १९७१ आणि १९९९ च्या युद्धांतही तो टिकला, हे ‘पाण्यावरून युद्ध’वाल्यांना दिलेले सर्वांत चांगले उत्तर आहे. परंतु नद्यांचे वर्तन पूर्वीसारखेच राहील, हे त्यात गृहीत धरले होते. सिंधूच्या प्रवाहात बर्फ आणि हिमनद्यांच्या वितळण्याचा वाटा गंगेच्या तुलनेत बराच मोठा आहे. तापमान वाढत असताना आधी काही दशके पाणी वाढते आणि नंतर हिमनदीच लहान झाल्याने ते घटू लागते; शिवाय ते ज्या महिन्यात हवे त्याच्या आधीच वाहून जाते. अशा वेळी धरणातून पाणी कधी सोडायचे हा प्रश्न किती पाणी कोणाचे यापेक्षा अधिक स्फोटक ठरतो, आणि १९६० च्या मजकुरात बदलत्या हवामानासाठी कोणतीही तरतूद नाही. भारताच्या निर्णयानंतर दुसऱ्याच दिवशी पाकिस्तानने पाणी अडवणे वा वळवणे ही युद्धाची कृती मानली जाईल असे जाहीर केले. २०२२ च्या पुरात ज्या देशातले तीन कोटींहून अधिक लोक बाधित झाले, त्याला वरच्या बाजूने येणाऱ्या प्रवाहाची आगाऊ माहिती न मिळणे हे पाणी न मिळण्याइतकेच भयावह वाटते. आपल्यालाही हा अनुभव ब्रह्मपुत्रेवर आहे: २०१७ मध्ये डोकलामच्या तणावाच्या काळात चीनकडून पूरकाळातली जलविषयक आकडेवारी आली नव्हती.

धागालेखिका इतिहासाच्या आहेत म्हणून एक प्रकरण सुचवतो, कारण ते भोला वादळाशीच जोडलेले आहे. त्या वादळानंतर हरिआभंगा नदीच्या मुखाजवळ एक बेट वर आले. आपण त्याला न्यू मूर म्हटले, बांगलादेशाने दक्षिण तालपट्टी. दोन्ही देशांनी हक्क सांगितला आणि १९८१ मध्ये भारताने तिथे नौदलही पाठवले. २०१० पर्यंत ते बेट पाण्याखाली गेल्याचे जादवपूर विद्यापीठातील समुद्रशास्त्रज्ञांनी सांगितले. सागरी सीमेचा खटला मात्र चालूच होता आणि जुलै २०१४ मध्ये लवादाने निकाल देऊन सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ चौरस किलोमीटर क्षेत्र बांगलादेशाला दिले. समुद्रपातळी वाढून किनारा सरकेल, तेव्हा आजच्या किनाऱ्यावरून सीमा कशी आखायची, असा प्रश्न बांगलादेशाने त्या खटल्यात उपस्थित केला होता. लवादाने तो फेटाळला. हवामानबदलाच्या शक्यतेने ठरलेल्या सागरी सीमा अस्थिर करता येणार नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. भारताने हा निकाल मानला आणि तो वाद संपला.

सागरी सीमा ही नकाशावरची रेषा असते, म्हणून किनारा सरकला तरी ती तिथेच ठेवण्याचे दोन देश ठरवू शकतात. चिनाबच्या जूनमधल्या पाण्याबाबत तसे ठरवता येत नाही. विद्यार्थ्यांनी हे दोन दस्तऐवज, १९६० चा करार आणि २०१४ चा निकाल, शेजारी ठेवून वाचले, तर दोन्ही बाजूंना बोलायला भरपूर मिळेल.